अजून किती वाट बघायची, ताई?

"प्रार्थना करून करून थकले, ताई. देव ऐकतोय की नाही, तेच कळेनासं झालंय."

मी समुपदेशक आहे. हे वाक्य माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून इतक्या जणांनी म्हटलंय, की पहिले दोन शब्द ऐकले की पुढचे मला ठाऊक असतात. कारणं मात्र वेगवेगळी. कुणाला नोकरी लागत नाही, कुणाला मूल होत नाही, कुणाचा मुलगा वर्षानुवर्षं घराशी बोलत नाही, कुणाच्या नवऱ्याचं दुखणं हटत नाही. बोलणं संपत आलं की जरा आवाज उतरवून आणखी एक प्रश्न येतो. खरा प्रश्न तोच असतो: "माझाच विश्वास कमी पडतोय का हो?"

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, याला एक तयार उत्तर आहे. प्रभूची वेळ सर्वोत्तम असते. मीही ख्रिस्ती आहे, मला ते खोटं वाटत नाही. पण ते फार लवकर दिलं जातं. समोरच्याचं बोलून व्हायच्या आत ते दिलं, की त्याला 'आता पुरे' एवढंच ऐकू येतं. माझ्याकडे येणारा माणूस हे उत्तर ऐकून, त्यावर आमेन म्हणून, आणि तरीही रात्र रात्र जागा राहून आलेला असतो. म्हणून मी ते देत नाही.

मला जे सांगायचंय ते एका बाईंच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन जणांचं बोलणंही एकत्र केलंय.

बाईंचं वय ३७. नोकरी चांगली, उपासना कधी चुकत नाही, गायनात पुढे. त्या आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. झोप, भूक, कामात लक्ष, जीव नकोसा वाटतो का, हे प्रश्न मी देवाचा विषय निघण्याआधीच विचारते. याची उत्तरं वाईट असतील तर माणसाला आधी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवते. गोळी घेतल्याने विश्वास पातळ होत नाही, हे अजूनही दर वेळी सांगावं लागतं. यांचं तसं नव्हतं. त्या थकल्या होत्या आणि थकलोय हे कबूल करायची त्यांना लाज वाटत होती.

"वाट कशाची बघताय?" मी विचारलं.

"लग्नाची." मग घाईघाईने, "म्हणजे प्रभूची इच्छा असेल तशी."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं."

वर्षांचा आकडा इतका नेमका असला की त्यामागे एखादा दिवस असतो. तसा तो होता. २८ व्या वर्षी एका प्रार्थना सभेत एका वडीलधाऱ्या बहिणीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, वर्षभरात प्रभू तुझं घर वसवणार आहे. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. त्या घरी आल्या आणि वाट बघू लागल्या.

"आणि वर्ष संपलं तेव्हा?"

"वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी उपास वाढवले."

पुढच्या भेटींमध्ये नऊ वर्षांचा हिशेब हळूहळू बाहेर आला. बढती दोनदा नाकारली, कारण बदली झाली असती आणि तेवढ्यात स्थळ आलं तर? पुढचं शिक्षण सोडून दिलं. आईवडिलांच्या घरात त्यांची स्वतःची खोली होती. तिथे कपडे अजून सुटकेसमध्ये.

"कपाट घेतलं नाही?"

"म्हटलं, आज ना उद्या जायचंच आहे. कशाला?"

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. मी मात्र ते लिहून ठेवलं.

मी ज्या विचारात घडले तो मांडणाऱ्या अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मानसोपचाराची दिशा बदलली. माणसाला घटना छळत नाही, घटनेचा त्याने लावलेला अर्थ छळतो, असं तो म्हणे. गृहस्थ स्वतः देव मानत नव्हता. माझ्या काही ख्रिस्ती सहकाऱ्यांना त्यामुळे तो चालत नाही. मला चालतो. बायबल वाचताना मला तो वारंवार उपयोगी पडलाय, आणि बायबलनेही त्याच्या पद्धतीत बरीच भर घातली आहे, निदान माझ्या खोलीत तरी.

त्याच्या नजरेने या बाईंकडे पाहिलं तर घटना एकच: लग्न झालेलं नाही. त्यावर अर्थ मात्र तीन चढलेले. देवाने तारीख दिली होती, म्हणजे ती त्याने पाळलीच पाहिजे. पाळली नाही, म्हणजे मी त्याला नकोशी आहे. आणि ते होत नाही तोवर माझं आयुष्य सुरू झालेलं नाही. झोप उडवत होते ते हे तीन अर्थ. लग्नाची इच्छा त्यांत कुठेच दोषी नव्हती. ती साधी, चांगली इच्छा होती. 'इच्छा सोडून द्या' असं सांगणारे सल्लागार असतात, मी त्यांतली नाही.

दुसऱ्या अर्थाला मी आधी हात घातला.

"देव गप्प आहे, असं धरू. पण त्याचा अर्थ 'तू नकोशी आहेस' असा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंच की."

"कुठे दिसतं?"

त्या जरा थांबल्या. "साक्षीच्या वेळी. कुणी उभं राहून सांगतं, दोन वर्षं प्रार्थना केली आणि प्रभूने दिलं. मी टाळ्या वाजवते, आणि मनात वजाबाकी करत बसते. दोन वर्षं तिची, नऊ माझी. म्हणजे तिच्यात काय होतं जे माझ्यात नाही?"

साक्ष द्यायला उभं राहतो तो ज्याची वाट बघून संपली तो. मधल्या वाटेवरचा माणूस कधी उभा राहून म्हणत नाही की मी अजून मागतोय, मिळालेलं नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन. त्यामुळे बाकांवर बसलेल्यांना वाटतं की असा आपण एकटेच. बायबलमधल्या स्तोत्रकर्त्यांनी हे असं केलं नव्हतं. १३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओवींत 'कोठवर' चार वेळा येतं. ८८ वं स्तोत्र तर काळोखातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत ठेवलं गेलं, गायलं गेलं.

बाईंना मी योहानाचा ११ वा अध्याय वाचायला सांगितला. मेल्यावर येशूने ज्याला पुन्हा उठवलं त्या लाजराचा. गोष्ट त्यांना तोंडपाठ होती, म्हणून पाचवी आणि सहावी ओवी सावकाश वाचायला लावली. येशूचं मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर प्रेम होतं, असं पाचवी सांगते. तो आजारी असल्याचं ऐकून येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, असं सहावी.

"प्रेम होतं आणि थांबला," त्या म्हणाल्या.

"का थांबला ते नंतर बघू. उशीर झाला म्हणजे प्रेम नाही, हे तुमचं गणित इथे बसतं का?"

"नाही बसत." मग लगेच, "पण लाजर उठला ना, ताई."

मला हे उत्तर फार आवडलं. प्रामाणिक होतं. सोपं समाधान त्यांना चालणार नव्हतं, आणि अशा माणसाबरोबर काम करायला मजा येते.

त्यानंतरच्या एका भेटीत त्या स्वतःचं बायबल घेऊन आल्या. ज्या वचनावर त्या उभ्या होत्या ते मला बघायचं होतं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अध्याय २९, ओवी ११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं परमेश्वर म्हणतो ती ओवी. किती घरांच्या भिंतींवर ती असेल, देव जाणे.

समासात पेन्सिलने बारीक अक्षरात तारखा होत्या. एकाखाली एक, रांगेने. प्रत्येक वेळी हे वचन धरून प्रार्थना केली की एक तारीख. सुरुवातीच्या तारखा ठसठशीत, खाली येता येता फिकट. शेवटची दोन वर्षांपूर्वीची.

"यानंतर?"

"जागा संपली."

समास खाली बोटभर रिकामा होता. तो त्यांनाही दिसत होता, मलाही. मी तो विषय पुढे नेला नाही.

"हे कुणाला लिहिलेलं आहे?" मी विचारलं.

"इस्राएल लोकांना... बाबेलमध्ये?"

"वरून वाचा ना. पहिल्या ओवीपासून. मोठ्याने."

त्या वाचू लागल्या. यरुशलेमहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठवलेलं हे पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यकन्या याच्यासह हजारो लोक तिकडे नेले होते. घरंदारं गेलेली, मंदिर दूर, आणि रोजची आशा एकच: लवकरच परत जाऊ. अशा लोकांना पत्र सांगतं, घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा...

इथे त्या हसल्या. "हे मला नका सांगू म्हणावं."

मीही हसले. त्या पुढे गेल्या. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग संदेष्ट्यांच्या भुलवण्याबद्दलचा इशारा. मग दहावी ओवी, आणि त्या थांबल्या.

"सत्तर?"

"काय?"

"बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन आणि तुम्हाला परत आणीन, असं लिहिलंय. ताई, माझ्या ओवीच्या बरोब्बर वर सत्तर लिहिलंय." त्यांनी बोट ठेवलं. समासातली तारखांची रांग त्या ओवीच्या कडेनेच गेली होती. "इतकी वर्षं हे पान उघडतेय मी."

मी काही बोलले नाही. असं गप्प राहणं सोपं नसतं, या कामातल्या कुणालाही विचारा. ओठांवर तीन चांगली वाक्यं आलेली असतात.

बराच वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना पत्र गेलं, त्यांतल्या मोठ्या माणसांनी परतीचा दिवस बघितलाच नाही."

"बहुतेकांनी नाही." पारसाचा राजा कोरेश याने परत जायची मोकळीक दिली ती इ.स.पू. ५३८ मध्ये. पत्र मिळालं तेव्हा चाळिशीत असलेला माणूस तोवर कुठून राहणार?

"तरी त्यांनाच म्हटलंय, संकल्प हिताचे आहेत."

"हो."

"मग हित म्हणजे परत जाणं एवढंच नसणार." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "घर बांधा, त्यात राहा, हेही त्यातच आलं. परत जायच्या आधीचं." आणि मग एकदम डोळे भरून, "मी कपाटसुद्धा घेतलं नाही हो."

त्या रडल्या तेव्हा मला आत कुठेतरी समाधान वाटलं, हे लपवत नाही. तिसरा अर्थ, आयुष्य अजून सुरूच झालेलं नाही हा, त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवला होता. मी तो ओढून काढला असता तर पुढच्या आठवड्यात परत जागेवर आला असता.

माझ्या मनात जे बरीच वर्षं अर्धवट होतं ते त्या दिवशी जुळलं. आपल्याकडे परमेश्वराची वाट पाहणं म्हणजे थांबून राहणं, असं नकळत झालंय. पुढचं दार उघडेपर्यंत इकडची कामं बंद. यिर्मयाच्या पत्रात वाट पाहणाऱ्यांना कामांची यादी आहे, आणि वचन त्या यादीच्या नंतर येतं. वचन नऊ वर्षं धरून ठेवायचं आणि यादी वाचायचीच नाही, तर दमायला होणारच. वाट बघण्याने माणूस इतका थकत नाही, न जगण्याने थकतो.

पहिला अर्थ उरला होता, तारखेचा. तो त्यांनीच पुढे आणला. "मग ती बहीण खोटं बोलली?"

आधीचा अध्याय, २८ वा, मी त्यांना घरी वाचायला दिला. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांसमोर, देवाच्या नावाने सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना दोनच हवी होती, सत्तर कुणाला हवीत? ते वचन देवाचं नव्हतंच, हे पुढे उघड होतं. मला मात्र या अध्यायात यिर्मयाचं पहिलं उत्तर महत्त्वाचं वाटतं. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. लोक लवकर परत यावेत हे त्यालाही हवंच होतं. फक्त आपल्याला हवं आहे म्हणून ते देव बोलला, असं त्याने म्हटलं नाही.

"त्या बहिणीला तुमचं भलंच हवं होतं," मी म्हटलं. "त्या इच्छेला आमेन म्हणा. वर्षभराच्या मुदतीला म्हणायची गरज नाही."

पुढच्या भेटीत त्या चक्क रागावून आल्या. बहिणीवर नाही, देवावर. नऊ वर्षांत पहिल्यांदाच 'तुझ्या इच्छेप्रमाणे' न म्हणता प्रार्थना केली होती, आणि आता भीती वाटत होती की आपण पाप केलं. मी १३ वं स्तोत्र उघडून दिलं. तक्रार ज्याच्याकडे करायची त्याच्याकडेच केली, तर तो अविश्वास कसा? पाठ फिरवलेला माणूस 'कोठवर' असं विचारत नाही. त्यांची झोप त्याच सुमारास सुधारली. मला त्याचं नवल वाटलं नाही.

आता थोडं याच्या उलट टोकाचं. सगळेच सुटकेस भरून बसत नाहीत, काहींना दम निघत नाही. इस्राएलचा राजा शौल याने गिलगालात शमुवेल संदेष्ट्याची सात दिवस वाट पाहिली. लोक पांगायला लागले तसा त्याने स्वतःच होम केला, आणि तो संपतोय तोच शमुवेल आला. घाई त्याला देवाच्या उशिराने झाली नव्हती, सोडून जाणाऱ्या माणसांमुळे झाली होती. माझ्याकडे येणाऱ्यांतही हेच दिसतं. 'लोक काय म्हणतील' ही भीती धरून घेतलेला निर्णय पुष्कळदा 'देवाने दार उघडलं' या नावाने येतो. देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. कनानात दहा वर्षं काढल्यावरही मूल होईना, तेव्हा त्याची बायको सारा हिने दासी हागारपासून मूल घ्यायचा मार्ग सुचवला, ८६ व्या वर्षी इश्माएल झाला, आणि इसहाक १०० व्या वर्षी. उत्पत्ती या पुस्तकाचा १६ वा अध्याय ८६ वर संपतो, १७ वा ९९ वर सुरू होतो. मधल्या तेरा वर्षांबद्दल एक शब्द नाही. कुणाला स्वतःच्या आयुष्यातल्या कोऱ्या वर्षांची लाज वाटत असेल तर मी हे दोन अध्याय लागोपाठ वाचायला लावते.

आणि एक गोष्ट मी कधीच वाट बघण्यात धरत नाही. घरात मारहाण होत असेल, मुलं भीतीने जगत असतील, तर 'प्रभू त्याचं मन बदलेपर्यंत धीर धर' हा सल्ला कुठल्याही पाळकाने दिला तरी घेऊ नये. आधी सुरक्षित जागा, मदत, कायदा. प्रार्थना तिथूनही करता येते, आणि मन तिथूनही बदलू शकतं.

पाळकांना, वडीलधाऱ्यांना एवढंच म्हणेन, की उपासना सुटल्यावर जिन्यात गाठून "काही कळलं का?" विचारणं थांबवा. ज्याला कळलंय तो स्वतःच सांगतो. ज्याला नाही, त्याला त्या प्रश्नाने पुढचा रविवार नकोसा होतो. त्यापेक्षा त्याला काम द्या, जेवायला बोलवा, त्याच्या नोकरीबद्दल, वाचनाबद्दल विचारा. शक्य असेल तर साक्षीच्या वेळी एखाद्या मधल्या वाटेवरच्या माणसालाही उभं करा. माझ्या ओळखीच्या एका मंडळीत हे सुरू झालंय. सुरुवातीला सगळे अवघडले. आता त्या साक्षीनंतर लोक थांबून बोलतात.

शेवटच्या भेटीत बाईंनी विचारलं, "मग लग्नासाठी मागू की सोडून देऊ?"

"मागा की. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, जावं म्हणून तीनदा विनंती केली आणि थांबला, कारण त्याला उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे. तुम्हाला अजून कुठे काही उत्तर मिळालंय? मागत राहा. आणि बदलीचा अर्ज कधी देताय?"

तो त्यांनी त्याच महिन्यात दिला. मंजूरही झाला. नव्या गावी भाड्याचं घर घेतलं आणि कपाट घेतलं, ते मला मुद्दाम कळवलं.

ही गोष्ट मी सांगितली की ऐकणारे हमखास विचारतात, मग लग्न झालं का? ते मी सांगत नाही. झालं म्हटलं तर ऐकणारी एखादी मनातल्या मनात वजाबाकी सुरू करेल, आणि नाही म्हटलं तर दुसरी एखादी पुन्हा सुटकेस भरायला बसेल.